चिंधी बांधलेला डबा

काका सकाळी साडेनऊला आले आणि फाटकाबाहेर खुर्ची उघडून बसले. खुर्ची त्यांनी घरूनच आणली होती, निळ्या कापडाची, घडीची. बसमध्ये मांडीवर धरून. सरकारी कचेरीत काम घेऊन आलेल्या माणसासारखी बराच वेळ बसायची त्यांची तयारी दिसत होती.

"अरे, आत ये की," आत्या फाटकाच्या आतून म्हणाली. "एकतीस वर्षं झाली."

"इंजिन चालू झालं का?"

"होतंय रे. होतं आणि बंद पडतं."

"मग मीही येतो आणि बाहेर बसतो," काका म्हणाले, आणि पिशवीतून पेपर काढला.

फाटकापासून ओटा वीस पावलांवर. ओट्यावर अण्णा रस्त्याकडे पाठ करून बसले होते. वय वर्षं ऐंशी. भावाची वाट बघत ते पहाटेपासून तिथे होते, पण वाट पाठीने बघत होते. दोघांच्या मधोमध, अंगणात, पाण्याने भरलेलं एक पिंप होतं. पिंपाच्या कडेला फळी आणि फळीला आवळून बसवलेलं ते इंजिन. बोटीच्या मागे लावायचं, टू-स्ट्रोक, घरातल्या निम्म्या माणसांपेक्षा वयाने मोठं. हिरवा रंग उडालेला, डोक्यावर वाटोळी टाकी, आणि बाजूने लोंबणारी दोरी. ती ओढली की इंजिन सुरू व्हायचं, निदान व्हावं अशी अपेक्षा असायची.

साहेब न्हाणीघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होता.

साहेब म्हणजे अण्णांचा थोरला. वय पंचावन्न, हुद्दा वजनमापे निरीक्षक. गावोगावच्या दुकानांतली मापं तपासायची, खरी असली तर शिक्का मारायचा, खोटी असली तर मालकाकडे अशा नजरेने बघायचं की त्याने चहासुद्धा विचारू नये. त्या नजरेमुळे घरातही त्याला 'साहेब'च म्हणत. आज त्या नजरेने आरशात बघायची सोय नव्हती, म्हणून तो खिडकीतून बघत होता.

"तुझी अंघोळ झाली, की आम्ही दारावर मोर्चा काढायचा?" बायकोने दारावर थाप मारली. "काका आलेत. बाहेर जा. तूच त्यांचा लाडका होतास ना?"

होता. तीच तर अडचण होती.

त्या काळी पूल नव्हता. पलीकडच्या काठाला जायचं तर अण्णांची होडी, आणि होडीला हे इंजिन. अण्णा सुकाणू धरायचे, काका इंजिन सांभाळायचे. अशा इंजिनाला वंगण वेगळं देता येत नाही, ते पेट्रोलातच मिसळावं लागतं. चोवीस मापं पेट्रोलला एक माप ऑइल. नुसतं पेट्रोल घातलं तर चार पावलं ऐटीत चालतं आणि मग आत पिस्टन घट्ट अडकतो. म्हणून घरात एक रीत होती. ज्या डब्यात ऑइल मिसळलं, त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे, म्हणजे टाकीत ओता. चिंधी नाही, म्हणजे हात लावू नका. या रीतीवर वीस वर्षं होडी चालली. लोक देवावर ठेवतात त्याहून जास्त भरवसा आमच्या घराने त्या चिंधीवर ठेवला, असं आत्या म्हणायची.

आणि एका सकाळी चिंधी साध्या पेट्रोलच्या डब्याला बांधलेली निघाली.

काकांनी ती बघितली, टाकी भरली आणि होडी सोडली. होडीत एक बँडपथक होतं, चौदा जण, वाद्यांसकट. पाण्याच्या बरोबर मध्यावर इंजिनाने एक किंकाळी फोडली आणि जाम झालं. वल्ही होती, पण ढोलाला जागा व्हावी म्हणून ती काठावर ठेवलेली. चार तास होडी वाहत राहिली. घाबरलेल्या बँडवाल्यांनी मदतीसाठी वाजवायला सुरुवात केली. काठावरच्या लोकांना वाटलं, पाण्यावर काहीतरी सोहळा चालला आहे. त्यांनी रुमाल हलवले. बँडवाल्यांनी आणखी जोरात वाजवलं. त्यांनी आणखी रुमाल हलवले.

संध्याकाळी अण्णांनी भर काठावर, सगळ्यांदेखत, दोन्ही डबे उघडून वास घेतला. ऑइलच्या डब्याला चिंधी नव्हती आणि साध्या डब्याला होती. "मिसळणारा तू, बांधणारा तू," ते काकांना म्हणाले. "आता 'मी नाही' असं म्हणू नकोस." काका म्हणाले, "मी नाही." अण्णा म्हणाले, "मग काय भुताने बांधली?" शब्दाला शब्द लागला. शेवटी काका फाटकाबाहेर पडले, आणि जाताना सांगून गेले: "ज्या दिवशी हे इंजिन पुन्हा चालेल, त्या दिवशी या घरात पाय ठेवीन." सगळ्यांना माहीत होतं की ते चालणार नाही. दोन वर्षांत पूल झाला. इंजिन गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये गेलं, आणि काका शहरातल्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायला.

चिंधी साहेबाने बांधली होती. हे जगात फक्त साहेबाला माहीत होतं.

आणि आता एकतीस वर्षांनी साहेबाच्याच मुलीने ते इंजिन बाहेर काढलं होतं. तिला घरात 'पाना' म्हणत. कारखान्यांतले पंप दुरुस्त करायची, आणि लहानपणापासून बाहुलीऐवजी पाना घेऊन झोपायची. चार महिने ती दर सुट्टीला येऊन इंजिनाशी झटत होती. सिलेंडर घासून घेतला, एक नंबर मोठा पिस्टन बसवला, रिंगा नव्या, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा झालेला डिंक खरवडून काढला. गुरुवारी सकाळी तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. आत्याने आनंदाच्या भरात काकांना फोन केला. काका म्हणाले, रविवारी येतो.

गुरुवारी दुपारपासून इंजिन पाच मिनिटांच्या वर चालेना.

"हॅलो!" अंगणात धाकटा, म्हणजे साहेबाचा धाकटा भाऊ, ओरडला. त्याचं औषधाचं दुकान होतं, आणि प्रत्येक गोष्टीची मुदत संपली आहे असं त्याचं ठाम मत असायचं. "पाना, सोड. त्याची एक्स्पायरी होऊन गेली. पेशंट दगावला तर डॉक्टरला कोणी बोलत नाही. पण तू पेशंटच मेलेला घेतलास."

"धाकट्या काका, तू बाजूला हो, दोरी लागेल," पाना म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि डोळ्यांखालीही जवळजवळ तोच रंग होता.

साहेब बाहेर आला. अण्णांच्या शेजारी उभा राहिला. मग नळाशी उभा राहिला. कुठेच नीट उभं राहता येईना.

पानाने दोरी ओढली. एकदा. दोनदा. इंजिनाने खोकून निळा धूर सोडला आणि सुरू झालं. पिंपातलं पाणी उसळायला लागलं. आत्या टाळ्या वाजवायला लागली. फाटकाबाहेर पेपर एक इंच खाली आला.

एक मिनिट. दोन मिनिटं. साहेब मनात मोजत होता. मोजणं हा त्याचा धंदाच होता. चौथ्या मिनिटाला आवाज बारीक झाला, इंजिन धापा टाकायला लागलं, आणि चिडीचूप. फाटकाबाहेर पेपर एक इंच वर गेला.

"झालं," अण्णा म्हणाले. मग रस्त्यावर ऐकू जाईल अशा बेताने: "हात लागावा लागतो. काहींच्या हाताला गुणच नसतो. रक्तात येतं ते. एकाने बिघडवायचं, दुसऱ्याने बिघडलेलं चालवता येतं असं सांगायचं."

पानाने पान्यावरचं ग्रीस पुसलं, मग तोच पाना पुन्हा पुसला. साहेबाला तिची मान दिसत होती. दुसरीत गणितात नापास झाली तेव्हा ती अशीच मान घालून पाटी पुसत बसली होती, आणि त्या पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता बोल, साहेब स्वतःला म्हणाला. तोंड उघडलंही. त्यातून निघालं, "चहा घेणार का कोणी?"

"मी नेते बाहेर," आत्या म्हणाली. सकाळपासून फाटकाबाहेर चहा न्यायची आणि निरोप आणायची ही तिची चौथी खेप. या खेपेला ती कप न घेताच परत आली. "पाना, तो म्हणतोय, आवाज उपाशी माणसाचा आहे. मरत नाहीये ते, उपाशी राहतंय. टाकीचं झाकण सैल करून बघ म्हणतोय."

"हवेचा स्क्रू उघडाच आहे म्हणावं," पाना म्हणाली. "रोज बघते मी."

आत्या गेली, आली. "तरी कर म्हणतोय."

साहेब बंद असलेला नळ आणखी आवळायला लागला.

त्या टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं, वर एक छोटा स्क्रू. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत जावी लागते. हवा अडली की पेट्रोल अडतं. गुरुवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना साहेब हात धुवायला उठला होता. न्हाणीघरात जो साबण हाताला आला त्याचा नखाएवढा कपटा त्याने काढला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूने त्या भोकात दाबला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. गळक्या टाकीला साबण लावायचा, ही युक्ती त्याला दहाव्या वर्षी काकांनीच शिकवली होती. मग तो हात धुऊन जेवायला बसला. शुक्रवारी काढायचा म्हणून त्याने ठरवलं. शनिवारी तर नक्कीच. इंजिन चालेल, काका आत येतील, ओट्यावर बसतील, आणि त्या सकाळचा विषय निघेल. काका 'मी नाही' म्हणतील, आणि आपल्याला पुन्हा त्यांच्यासमोर गप्प बसावं लागेल. तेवढं टाळायला त्याने पोटच्या पोरीला तीन दिवस सगळ्यांच्या तोंडी दिलं होतं.

पानाने दोरी ओढली. इंजिन लागलं. चौथ्या मिनिटाला आवाज बारीक व्हायला लागला तशी तिने झाकण अर्धा फेरा फिरवलं. टाकीने सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढली, आणि इंजिन सावरलं. सहावं मिनिट. आठवं. "चाललं!" आत्या किंचाळली. "ए, चाललं!"

फाटकाबाहेर पेपरची घडी झाली. काका उभे राहिले. खुर्ची मिटवायला लागले.

सुट्या भागांच्या पेटीतलं दुसरं झाकण बसवून पानाने पहिलं उलटं केलं होतं आणि केसातली पिन काढून भोकात खुपसली होती. पिनेच्या टोकाला हिरवट काहीतरी आलं. तिने वास घेतला.

"साबण," ती म्हणाली.

"काय?" धाकटा पुढे आला.

"साबण आहे. कोणीतरी मुद्दाम भरलाय."

मग जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. धाकटा तडक न्हाणीघरात गेला आणि स्टीलच्या ताटात घरातले सगळे साबण घेऊन आला. एक गुलाबी, एक पांढरा, एक कपड्यांचा पिवळा, आणि एक हिरवा. चारही ओट्यावर मांडले. हिरव्याच्या कोपऱ्यात नखाची खाच होती.

"हा कोणाचा?" त्याने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याला आठवलं. खाजेवरचा औषधी साबण होता तो. त्याच्याच दुकानातला. दर महिन्याला तो स्वतः आणून द्यायचा. अण्णांना.

इंजिन आपलं मजेत चाललं होतं. बाकी सगळे बंद पडले होते.

"मी नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, साबण तुमचा आहे."

"माझा आहे. पण मी नाही केलं. मी कशाला—"

"तुम्हाला काका नको होते घरात, तर फोनवरच सांगायचं," धाकटा म्हणाला. "पोरीला कशाला राबवलंत चार महिने?"

"अरे मी नाही म्हणतोय ना!" अण्णांचा आवाज फाटला. "मी त्या भोकाला हातसुद्धा—" त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने ताटातल्या साबणाकडे बघितलं. ऐंशी वर्षांचा माणूस पायरीवर उभा राहून आपले हात पुढे करून दाखवत होता, जणू हात कोरे असल्याचं दाखवलं की झालं.

फाटकाबाहेरून काकांचा आवाज आला. दिवसभरात पहिल्यांदा ते आत्याला मध्ये न घालता बोलले.

"दादा, नको होतं तर सांगायचं होतंस. मी खुर्ची आणली नसती."

आणि त्यांनी खुर्ची बगलेत मारली, पिशवी उचलली, आणि बसथांब्याच्या दिशेने चालायला लागले.

साहेब धावला. पंचावन्नाव्या वर्षी, एका पायात चप्पल आणि एक पाय नुसता. शेवटचा कधी धावला होता ते त्याला आठवत नव्हतं. निरीक्षकाला धावावं लागत नाही, लोकच येतात.

"काका! थांबा. काका!"

काका थांबले. वळले नाहीत.

"साबण मी लावला. अण्णांनी नाही. मी."

"तू?" आता ते वळले. "तुला मी नको होतो?"

"तसं नाही."

"मग कसं?"

मागून फाटक वाजलं. पाना येत होती, तिच्यामागे आत्या, तिच्यामागे धाकटा अण्णांना धरून. साहेबाला वाटलं, निदान हे लोक पोचायच्या आत उरकावं. मग वाटलं, याच विचाराने एकतीस वर्षं गेली. तो ते पोचेपर्यंत थांबला.

"ती चिंधीपण मीच बांधली होती," तो म्हणाला.

लांब अंगणात इंजिन एकटंच चालू होतं.

"त्या दिवशी माझी मुलाखत होती," साहेब म्हणाला. त्याचा आवाज अहवाल वाचल्यासारखा निघत होता, आणि त्याचीही त्याला लाज वाटत होती. "बूट पुसायला फडकं सापडेना. शेडमध्ये चिंधी दिसली. डब्याची सोडली, बूट पुसले. तेवढ्यात अण्णांचा खोकला ऐकू आला. चिंधीला हात लावला म्हणून ओरडतील, म्हणून मी ती... जो डबा जवळ होता त्याला बांधली. मला वाटलं, नंतर बदलू. मग बस आली."

"कसली मुलाखत?" काकांनी विचारलं.

"वजनमापांची."

धाकट्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं की काय ते कळायच्या आत आत्याने त्याला कोपर मारलं.

"कुठले बूट?"

"तपकिरी. मित्राचे आणले होते."

"चमकले?"

"हो."

"दिसले का साहेबलोकांना?"

साहेबाने मान खाली घातली. "टेबलाला जमिनीपर्यंत कापड होतं."

काकांनी खुर्ची उघडली आणि भर रस्त्यात बसले. सायकलवरून जाणारा एक माणूस त्यांना वळसा घालून गेला.

"पहिली दोन वर्षं मी म्हणत होतो, मी नाही," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "मग म्हटलं, एवढी माणसं सांगतायत. माझाच हात चुकला असेल. पाणीपुरवठ्यात एकोणीस वर्षं काढली. व्हॉल्व्ह बंद केला की शेजारच्याला हाक मारायचो, बघ रे, बंद आहे ना? तो म्हणायचा, आहे. मी म्हणायचो, परत बघ. 'परतबघ' नाव पडलं माझं. निरोपाच्या केकवरसुद्धा तेच लिहिलं होतं. घरी गॅस मी बंद करत नाही, बायको करते. नातवाला कडेवर घेत नव्हतो." ते आपल्या हातांकडे बघत होते. "मला वाटायचं, या हातांना आपण काय करतोय ते कळत नाही."

साहेबाला वाटलं होतं, काका रागावतील. तो मार खायच्या तयारीने आला होता. 'मला माफ करा' हे वाक्य एकतीस वर्षं घडी घालून ठेवलेलं होतं, ते आता उघडलं तर कुठल्याही बाजूने पुरेना. तो तसाच उभा राहिला, एक पाय तापलेल्या डांबरावर. तो पाय उचलावासा वाटत होता, पण त्याने उचलला नाही.

पाना त्याच्याकडे बघत होती. खोटं माप सापडलं की तो दुकानदाराकडे बघायचा, अगदी तसं. ती नजर घरात आणखी कोणाकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"तीन दिवस," ती म्हणाली. "बाबा, मी कार्ब्युरेटर चार वेळा उघडला."

"हो."

"तू शेजारी बसून बॅटरी धरलीस."

"हो."

पिन पुन्हा केसात खोवून ती रस्त्याकडे बघायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

अण्णा धापा टाकत होते. त्यांनी काठी साहेबाकडे रोखली, "बूट?" एवढंच म्हणाले, आणि काठी खाली घेतली. मग ते खुर्चीसमोर गेले. उभ्या जन्मात त्यांनी कोणाची माफी मागितल्याचं घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आत्याच्या मते त्यांच्या घशाला ती वाटच नव्हती. त्यांनी काठीने रस्त्यावरचा एक खडा बाजूला केला.

"टाकीतलं संपत आलं असेल," शेवटी ते म्हणाले.

"मग मिसळ की," काका म्हणाले.

"माझा हात थरथरतो. माप सांडतं." अण्णांनी घसा खाकरला. "तू मिसळ. तुझ्याशिवाय ते... कोणी नीट मिसळलंच नाही कधी."

काकांनी वर बघितलं. मग आत्याकडे बघितलं, सवयीने, निरोप ती आणेल म्हणून. आत्या डोळे पुसत म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? ऐकू आलं ना तुला?"

काका फाटकातून आत आले तेव्हा इंजिन नुकतंच पेट्रोल संपून बंद पडलं होतं. त्यावरून धाकटा म्हणाला की नियमाप्रमाणे काकांनी पुन्हा बाहेर जायला हवं. कोणी हसलं नाही. मग काकाच हसले, थोडेसे, तेव्हा बाकीच्यांना परवानगी मिळाली. साहेबाने ती घेतली नाही.

शेडच्या दाराशी बसून काकांनी माप भरलं. चोवीसला एक. डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं, ओतलं, डबा हलवला, पुन्हा हलवला.

"पोरी, बघ गं."

"बरोबर आहे, काकाआजोबा."

"परत बघ."

"एकदा बघितलं," पाना म्हणाली. "आता नाही बघणार मी."

काका डब्याकडे बघत राहिले. मग जुन्या लुगड्याची लाल चिंधी, जी पानाने आत्याकडून मागून घेतली होती, ती त्यांनी मुठीला बांधली. गाठ मारायला त्यांना जितका वेळ लागला तेवढ्यात माणूस पत्र लिहून टाकेल.

मग तासभर दोघं इंजिनाला चिकटली. आवाज जरा घोगरा होता. काका म्हणाले, कार्ब्युरेटरची सुई पाव फेरा आत घे. पानाने घेतली. प्लग काढून बघितला: आधी काजळीने काळा होता, आता चहासारखा तपकिरी. काकांनी कान दिला आणि मान डोलावली. साहेब लांब नळाशी उभा होता. कोणी त्याला जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. एकदा पानाने मागे न बघता हात पुढे केला, "दहाचा पाना." साहेब पुढे सरकला, तोवर धाकट्याने दिला होता.

दुपारी तीनला शेजारच्या मासेवाल्याची होडी मागून आणली. मागे इंजिन, इंजिनापाशी काका. पुढे अण्णा. मध्ये आत्या आणि पाना. काकांच्या समोर एकाचीच जागा उरली होती, आणि धाकट्याला पाण्याची भीती वाटायची.

"बसू दे त्याला," काका म्हणाले.

पानाने बापाला आधाराला हात दिला नाही. तो बसल्यावर म्हणाली, "बाबा, हात मांडीवर. इथे कशालाच लावायचे नाहीत."

साहेबाने हात मांडीवर ठेवले. फोटोला बसवलेल्या मुलासारखा तो बसून राहिला. काकांनी दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला लागलं. काठ मागे सरकला, धाकटा लहान होत गेला, त्याने रुमाल काढून हलवला. साहेबाला ते बघवलं नाही.

पाण्याच्या मध्यावर अण्णांनी मागे वळून बघितलं. सगळ्यांनाच ती जागा माहीत होती, जरी पाण्यावर खूण काहीच नव्हती. काका टाकीकडे वळले. झाकणावरच्या हवेच्या स्क्रूला हात लावला, उघडा होता. पुढे बघितलं. पुन्हा वळले, पुन्हा हात लावला. तिसऱ्यांदा हात अर्धवट वर गेला, हवेत थांबला, आणि ते तो परत खाली आणू लागले. वेळ लागला. पण आणला.

इंजिन एकसारखं चाललं होतं.

मग काकांनी वाकून पायाशी ठेवलेल्या डब्याची चिंधी सोडली. ती साहेबाच्या मांडीवर टाकली. स्वतःचा उजवा पाय उचलून साहेबाच्या पुढ्यात, फळीवर ठेवला.

"पूस," ते म्हणाले. "आणि परत बांधताना मला विचार."

आत्या काही म्हणणार होती, अण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला. पाना पाण्याकडे बघत होती.

साहेबाने मांडीवरचे हात उचलले. बूट कापडी होते, पांढरे, पाणीपुरवठ्यात दर दोन वर्षांनी मिळायचे तसले. त्यांना चमक येण्याचा प्रश्नच नव्हता. तो वाकला आणि पुसायला लागला. टाच, मग बाजू, मग नाड्यांच्या खाली. पलीकडचा काठ आला तेव्हा काकांनी पाय बदलला.